जिथं तेल पोचत नाही

मला बसवत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मध्येच मी कुठं उठून गेले तर वाचणाऱ्यानं रागावू नये. आमच्या आळीतल्या शाळेच्या बाई या दिवाळी अंकाचं काम बघतात. त्या म्हणाल्या, "सुमनकाकी, इतकी वर्षं तुम्ही बाळंतिणींना मालिश करताय, लिहा की त्यावर." मी म्हटलं, "लिहायला बसावं लागतं हो बाई, तेच तर मला जमत नाही." त्यांनी कागद दिले, पेन दिलं आणि गेल्या. तेव्हापासून दोन ओळी लिहिते, उठते, डाळ बघते, परत बसते, परत उठते. चोळायला काही नसलं की माझे हात वळवळतात. आमचे हे म्हणतात, "तू तिरडीवरनं उठशील आणि खांदेकऱ्यांचे पाय चोळशील." बोलू देत. गुडघे धरले की माझ्याकडेच येतात.

काम सांगते, ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी. बाई बाळंत होऊन दवाखान्यातून घरी आली, की सकाळी मी जाते. महाडात असेल तर पायी, पोलादपूरच्या बाजूला असेल तर मिळेल त्या रिक्षाने. आधी बाळ. पाय लांब करून पाटावर बसायचं, बाळ पायांवर घ्यायचं, कोमट खोबरेल तेलाने हात-पाय, पाठ, छाती हलक्या हाताने चोळायची, मग आंघोळ, ओवा-वावडिंगाची धुरी, आणि दुपट्यात गुंडाळून झोपवायचं. मग आई. बाळाकडं साऱ्या गावाचं लक्ष असतं, आईकडं त्या घरात माझ्याशिवाय कुणाचं नसतं. पाठ, कंबर, मांड्या, पोटऱ्या, तळवे. सिझर असेल तर टाके भरेपर्यंत पोटाला हात लावायचा नाही. मग कडक पाणी, आणि शेवटी पोट बांधायचं. जुन्या सुती लुगड्याचा पट्टा करून मी असा आवळायची, की सोडायला दुसरी बाई लागे. "सुमनकाकीचा पट्टा" असं त्याचं नावच पडलं होतं. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू.

लोकांना वाटतं, पोर झालं की बाळंतपण संपलं. पोर होऊन जातं हो. खरं बाळंतपण त्याच्यानंतरच लागतं. ती बाई परत चुलीपुढं, शेतात, नोकरीवर, जिथली असेल तिथं आपल्या पायावर उभी राहते, तेव्हा कुठं ते संपतं. त्यासाठी आपल्याकडं सव्वा महिना दिलाय. आणि त्या सव्वा महिन्यात बाईला जेवढं बोलणं ऐकावं लागतं, तेवढं उभ्या जन्मात लागत नाही. कान बांध, पाय जवळ घे, उभी राहू नको, बसू नको, मोबाईल बघू नको, डोळे जातील.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एक मुंबईहून माहेरी आलेली पोरगी, मालिश करताना मोबाईलवर दुसरीच मालिश लावून बघायची. "काकी, यात वरून खाली चोळतात, तुम्ही खालून वर का?" मी म्हटलं, "मग तिलाच बोलाव, ये म्हणावं मोबाईलातनं बाहेर." दुसऱ्या दिवशी मोबाईल उशीखाली गेला. पाचाडकडं एकीची खानावळ. बाळंत होऊन जेमतेम आठवडा झालेला आणि बाई पुढ्यात परात घेऊन बसलेली. "गडावर ट्रिप आलीय काकी, भाकऱ्या कोण थापणार? तुम्ही तुमचं चालू द्या." एका बाजूनं मी तिला थापतेय, दुसऱ्या बाजूनं ती भाकरी. असलं काही बघितलं की माझा जीव वरखाली होतो, पण हसायलाही येतं.

थांबा, कुकरची शिट्टी झाली.

तर, वैशाली. हे सगळं मी तिच्यासाठीच लिहायला घेतलंय, आणि तिला विचारूनच. नावं मात्र सगळ्यांची बदललीत. ती एसटीच्या लाल गाडीवर कंडक्टर. तिच्या वाडीतली खाकी घालणारी पहिली बाई. आई लहानपणीच गेलेली, म्हणून बाळंतपण सासरीच, महाडच्या कडेला त्यांचं घर आहे तिथं. नवरा महेश कारखान्यात, कधी दिवसपाळी, कधी रातपाळी. घरात सासू, इंदूवहिनी. माझ्याच वयाच्या, कडक, कामाच्या, तोंडाच्या फटकळ आणि सून-नातीवर मनापासून जीव असलेल्या. लाडू केले तर तुपात बोट बुडेल असे. पण पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन त्यांनी सांगितलं, "सुमन, हिला जरा समजाव. नोकरी सोड म्हणावं आता. दूध पाजणारी बाय घाटात लोंबकळत फिरंल? शोभतं काय?" महेश बाजूला उभा होता. तो म्हणाला, "आईला बरं वाटेल तसं." असल्या पुरुषांचं मला काही कळत नाही. बायको आवडते, आई आवडते, आणि दोघींमध्ये स्वतः कुठंतरी मोबाईल चार्जिंगला लावत उभे असतात.

वैशालीनं ते सगळं ऐकलं होतं. मी आत गेले तर म्हणाली, "काकी, मी रजा संपली की जाणार. तुम्ही मला फक्त उभी करा."

अशी अस्वस्थ बाळंतीण मी बघितली नव्हती. जिवाला थारा नाही. डोक्याला बांधलेला रुमाल मी पाठ फिरवली की कोपऱ्यात. खाटेवर पडून राहा म्हटलं की ही खोलीभर फेऱ्या घालणार. एकदा मी दार लोटलं, तर ही मधोमध पाय फाकवून उभी, पोरगी एका खांद्यावर, दुसरा हात वर, दांडी धरल्यासारखा, आणि अंग हळूहळू एका बाजूला कलतंय.

"काय गो हे?"

"वळण घेतेय काकी. कशेडी घाट चढतेय."

"बस आधी. खालचे टाके हायत अजून ओले."

"बसते. एवढं एक वळण."

मला हसू आलं, आणि तिची धास्तीही वाटली. कंडक्टर दिवसभर बसतो असं तुम्हाआम्हाला वाटतं. ती सांगायची, गर्दीच्या फेरीत बूड टेकत नाही. एका हातात तिकिटाचं मशीन, खांद्याला पैशांची बॅग, दुसऱ्या हाताला दांडी, आणि खड्ड्यात गाडी दणकली की सगळा भार पोटात आणि कंबरेत. जिचं अंग अजून सैल आहे, टाके ओले आहेत, तिनं काही महिन्यांत हे करायचं. आणि केलं नाही तर घरात बसायचं, कायमचं. एवढं सरळ होतं ते.

आता एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती, ती उशिरा आली. आमच्याकडं बाळंतिणीला पाणी बेतानं देतात. पोट सुटतं म्हणतात, बाळाला सर्दी होते म्हणतात. ओवा घालून उकळलेलं, तेही घोटभर. मी त्यावर कधी हुज्जत घातली नाही, कारण मला ठाऊक असतं, मोरीत आंघोळीला गेल्या की निम्म्या बायका तांब्या तोंडाला लावतात. वैशालीनं मात्र तांब्याला तोंड लावलं नाही. सासूनं अर्धा पेला दिला तर त्यातलं अर्धं परत करायची. "बघ," इंदूवहिनी मला कौतुकानं सांगायच्या, "बाकी ऐकत नाय, पण पाण्याचं ऐकते हो पोर." मीही मान हलवली. जी मुलगी एक म्हणून एक पथ्य पाळत नव्हती, ती एवढं एकच का पाळतेय, हे मी विचारलं नाही.

मग एक दिवस धुरीचा धूर तिच्या नाकात गेला आणि तिला शिंक आली. शिंकताना ती आकसली. गुडघे जुळवले, गादीची कड मुठीत धरली, मान खाली घातली. ते आकसणं मी ओळखलं. तसं आकसायला बायकांना कुणी शिकवत नाही. खोकल्याची उबळ आली की भिंतीला टेकणारी बाई, हसताना एका पायावर दुसरा पाय दाबून धरणारी बाई, लग्नात जेवायला बसली की पाण्याला नको म्हणणारी बाई, आपण रोज बघतो आणि काही बोलत नाही.

तिच्या पाठीला हात लावला तर पाठ तापलेली.

"लघवीला जळजळतंय?"

तिनं दुपट्याची घडी उलगडली, परत घातली.

"वैशाली, मी तुला विचारतेय."

"सगळ्यांनाच होतं ना काकी?"

"सगळ्यांना होतं म्हणून तुला व्हायलाच हवं असं कुठं लिहिलंय? पाणी का पीत नाहीस?"

"आई म्हणतात ना, की..."

"आई म्हणतात कान बांध, ते ऐकतेस? आई म्हणतात पडून राहा, ते ऐकतेस? एवढं एकच बरं मनावर घेतलंस!"

मग ती रडायला लागली. आवाज न करता, कारण भिंतीपलीकडं स्वयंपाकघर. "थांबतच नाय काकी. शिंकले की, हसले की, पोरीला उचललं की. पाणी प्यायलं नाय की जरा कमी होतं. मी गाडीवर कशी उभी राहू? भर गाडीत खाकी ओली झाली तर मी लपू कुठं? सगळी गाडी कंडक्टरकडंच बघत असते." आणि मग माझा हात घट्ट धरून म्हणाली, "आईंना सांगू नका. निमित्तच हवंय त्यांना. कळलं तर संपलं माझं."

मी कपाळाला हात लावला. पाणी तोडून तिनं स्वतःचं दूध आटवत आणलं होतं आणि वर ताप काढला होता, आणि आम्ही दोघी बाया तिचं कौतुक करत होतो!

इंदूवहिनींना मी एवढंच सांगितलं, की ताप आहे, डॉक्टरकडं नेते. "वारा लागला असंल," त्या म्हणाल्या, "रुमाल बांधत नाय ना." मी "हो" म्हटलं आणि रिक्षा बोलावली.

डॉक्टरीणबाई ओळखीच्या. त्यांनी लघवी तपासायला घेतली, गोळ्या दिल्या, पाणी भरपूर प्यायचं म्हणून दम दिला. मग वैशालीनं मान खाली घालून दुसरंही सांगितलं. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, आश्चर्यही दाखवलं नाही. म्हणाल्या, मूल बाहेर येताना खालचे स्नायू ताणले जातात, त्यांना परत ताकद आणावी लागते. लघवी आणि वारा अडवताना आपण जसं अंग आत आवळतो तसं आवळायचं, जरा धरायचं, मग पूर्ण सोडायचं. श्वास कोंडायचा नाही. पोट, मांड्या कडक करायच्या नाहीत. रोज, दिवसातून कितीतरी वेळा, महिने-महिने.

"महिने?" वैशाली किंचाळलीच. "मॅडम, गोळी नाय का काही?"

"नाही. आणि पट्टा इतका घट्ट कोणी बांधलाय? सैल करा. वरून दाबलं की सगळा जोर खालीच येतो."

माझा पट्टा! मला इतका राग आला म्हणून सांगू. आयुष्यभर ज्याचं नाव होतं तो पट्टा डॉक्टरीणबाईंनी कात्रीच्या टोकानं उचलून बाजूला ठेवला. रस्ताभर मी रिक्षात तोंड फुगवून बसले. वैशाली तिकडं धुमसत होती, महिने लागणार म्हणून, आणि मी इकडं. रिक्षावाल्याला वाटलं असेल, या दोघींचं भांडण झालंय. घर आलं तेव्हा माझा राग उतरला होता. पाठीचं दुखणं माझ्या हाताला सापडतं, कंबरेचं सापडतं. पण जिथं हे सगळं बिघडलं होतं तिथं माझं तेल पोचतच नाही. ते तिचं तिलाच करायचं होतं. मी फक्त बाजूला बसून आठवण करून देणार.

तेवढं मात्र मी नेटानं केलं. मालिश करता करता म्हणायची, "आवळ. धर. सोड." ती आवळायची, आणि लगेच वैतागायची. "काही होत नाय काकी." "होईल." "कळतच नाय आत काय चाललंय." "तुझं गाडीचं इंजिन तरी तुला दिसतं काय? चालतं ना?" कधी मध्येच उठायची, कधी पेला भिंतीवर आपटेल असं वाटायचं. लवकर बरं व्हायची घाई झालेल्या माणसाला सांभाळण्यासारखं कठीण काम नाही. मी सांगते कुणाला म्हणा, मला स्वतःला तव्यावरची भाकरी फुगेपर्यंत दम धरवत नाही.

आणि मग व्हायचं ते झालं. इंदूवहिनींनी तिला तांब्याभर पाणी घटाघट पिताना बघितलं.

"काय गो हे? पोट सुटंल! आणि पट्टा कुठं गेला? सुमन, तूपण सामील?" आवाज चढला. महेश रातपाळी करून झोपला होता, तो उठून आला. काय झालं ते न विचारता म्हणाला, "रोजची कटकट. वैशाली, तू नोकरीच सोड ना, मिटवून टाकू एकदाचं."

वैशालीनं तांब्या खाली ठेवला. मी तिच्याकडं बघून मान हलवत होते, नको, नको. पण तिनं माझ्याकडं बघितलंच नाही.

"मला लघवी धरवत नाय," ती मोठ्यानं म्हणाली. "पोर झाल्यापासून. म्हणून पाणी पीत नव्हते, म्हणून ताप आला. औषध चाललंय, व्यायाम चाललाय. झालं? ऐकलंत सगळ्यांनी? आता काय म्हणायचंय ते म्हणा."

महेशची मान खाली गेली. तो चप्पल घालून बाहेर निघून गेला, लुंगीवरच. पोरगी जागी होऊन रडायला लागली, ती मी उचलली. इंदूवहिनी खाटेच्या कडेला बसल्या. मला वाटलं, आता सुरू होणार, बघ, मी म्हणत नव्हते, घरी बस. त्यांनी तो तांब्या उचलून मांडीवर घेतला.

"मी माहेरी का जात नाय, ठाऊक हाय?" त्या म्हणाल्या.

वैशाली म्हणाली, "गाडी लागते ना तुम्हाला."

"गाडी लागायला काय झालंय मला." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "महेशच्या पाठच्याच्या वेळी लावणी होती. ओली बाळंतीण होते, तरी चिखलात उतरले. दिवसभर ओणवं. तवापासनं हाय हे. गाडीत बसले, खड्डा आला की... एकदा झालं. माझ्या शेजारी एक बाप्या बसला होता. तो उठून उभा राह्यला. तवापासनं गाडीत पाय नाय ठेवला. भावाच्या पोराच्या लग्नाला गेले नाय, भावानं बोलणं टाकलं. आई गेली तवा चालत गेले, घाट चढून. लोक म्हणाले, काय माया लेकीची. माया तर होतीच गो. पण चालत गेले ते गाडीच्या भ्यानं."

 वैशाली त्यांच्यापुढं जमिनीवर बसली.

"म्हणून म्हणते, नको जाऊ," इंदूवहिनी पदरानं नाक पुसत म्हणाल्या. "मी जन्मभर लपवलं. तुला तर रोज चाळीस माणसांपुढं लपवायला लागंल."

म्हणजे बघा, मला वाटत होतं सासू मानापायी अडवतेय, आणि ती अडवत होती आपल्या अनुभवापायी. असल्या प्रेमाशी भांडायचं कसं? वैशालीनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "आई, मी जाणार." एवढंच.

घरात त्यानंतर नोकरीचा विषय निघाला नाही. सुटला असंही नाही, नुसता टांगून राहिला. महेश गप्प झाला, पण घरी येताना बायकोला नारळपाणी आणायला लागला, आणि ते टेबलावर ठेवून न बोलता आत जायचा. त्याची माफी मागायची पद्धत ती. सव्वा महिना झाल्यावर माझं रोजचं काम संपलं, तरी मी आठवड्यातून एकदा जायची, तेल लावायचं निमित्त करून. आणि एक गंमत सांगते. एकदा मी "आवळ" म्हटलं आणि स्वयंपाकघरातली भांडी थांबली. "सोड" म्हटलं आणि परत वाजायला लागली. पुन्हा म्हटलं, पुन्हा तसंच. वैशालीनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. आम्ही तोंडात बोळा कोंबून हसलो, आणि हसताना तिनं गुडघे जुळवले नाहीत, हे मला हसू थांबल्यावर कळलं.

रजा संपली आणि ती गाडीवर गेली. पहिल्याच दिवशी घाटात ओली झाली. पिशवीत जादा ड्रेस होता, पोलादपूरच्या स्टँडवर बदलला. घरी येऊन पोरीला पाजता पाजता ढसाढसा रडली, असं तिनंच मला सांगितलं. इंदूवहिनींनी ड्रेस धुऊन वाळत घातला. दुसऱ्या दिवशी वैशाली पुन्हा गेली. मला त्या दिवसांत घरात चैन पडेना. लाल गाडी रस्त्यानं गेली की मी खिडकीशी. हळूहळू तिचं कमी झालं. पूर्ण गेलंय असं मी लिहिणार नाही, तीही म्हणत नाही. पण आता तिला ते कुठं सुरू होतं ते कळतं, आणि अडवता येतं.

एकदा ती म्हणाली, "काकी, मी बायका बघते गाडीत. पाणी पीत नायत. वळणावर पुढची सीट धरून बसतात. मधेच उतरतात, आणि मी मागं बघते तर झाडीकडं चाललेल्या असतात. मला वाटायचं मी एकटीच हाय." मी उठले. "सरबत करू?" म्हटलं.

मग इंदूवहिनींच्या भावाकडं मुलीच्या साखरपुड्याचं निघालं. भाऊ बोलत नव्हता, पण पत्रिका पाठवली. वैशाली म्हणाली, "आई, माझ्या गाडीनं चला. त्या दिवशी तीच फेरी हाय माझी." इंदूवहिनी दोन दिवस नाही-हो करत राहिल्या आणि शेवटी मला म्हणाल्या, "सुमन, तू चल बरोबर. पोरगी धरायला." मी तर तयारच होते.

आता कशेडीला बोगदा झालाय, पण ही गाडी जुन्या घाटानं जाते, वरच्या वाड्यांसाठी. गाडी भरलेली होती. बाजारच्या पिशव्या, कॉलेजच्या पोरी, डोक्याला टॉवेल गुंडाळलेले म्हातारे. इंदूवहिनी खिडकीशी, मी मध्ये मांडीवर पोरगी घेऊन, आणि माझ्या बाजूला एक चष्म्यावाले गृहस्थ, सारखं घड्याळ बघणारे. इंदूवहिनींनी समोरची दांडी दोन्ही हातांनी धरली होती.  वैशाली गर्दीतनं तिकिटं फाडत, ओळखीच्यांना चिमटे काढत पुढं-मागं फिरत होती. आम्हाला तिकीट देताना तर चेहऱ्यावर ओळखसुद्धा नाही. ड्युटी म्हणजे ड्युटी.

घाट लागायच्या आधी एक हॉटेल आहे. तिथं तिनं एक बेल दिली. गाडी थांबली. वैशाली दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आता घाट सुरू होतोय. वरच्या वाडीपर्यंत कुठं सोय नाय. हॉटेलच्या मागं बायकांची जागा हाय, स्वच्छ हाय, मी रोज बघते. ज्यांना जायचंय त्यांनी जाऊन या. गाडी थांबेल."

कुणी हललं नाही. बायका खिडकीबाहेर बघायला लागल्या, जणू काही तिनं दुसऱ्याच गाडीला सांगितलंय. मागून कुणीतरी हसलं. चष्म्यावाले म्हणाले, "अहो कंडक्टर, उशीर होतोय, चला." वैशालीचा चेहरा लाल झाला होता. पण तिनं बेलच्या दोरीला हात लावला नाही. उभीच राहिली.

आणि माझ्या शेजारून इंदूवहिनी उठल्या. दांडी धरून उठल्या, पदर नीट केला आणि सबंध गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "थांबा. मला जायचंय."

त्या माझे गुडघे ओलांडून दाराकडं गेल्या. वैशालीनं त्यांचा हात धरून त्यांना उतरवलं. मग मागच्या सीटवरची एक म्हातारी उठली. मग पिशवीवाली. मग कॉलेजच्या दोघी, एकमेकींना ढकलत. मग एक पोटुशी बाई, तिला पुढच्यांनी वाट करून दिली. बघता बघता दारात रांग लागली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, तशी वैशाली ओरडली, "हॉर्न नका वाजवू मामा. सगळ्या चढल्या की बेल देते!"

मी आपली बसले होते, पोर मांडीवर घेऊन. बाळंतपणं माझीपण झालीत. मला त्याबद्दल कुणी कधी विचारलं नाही, आणि मीही कुणाला सांगितलं नाही, वैशालीलासुद्धा नाही. चष्म्यावाल्यांनी पुन्हा घड्याळ बघितलं. मी पोरगी उचलली, त्यांच्या मांडीवर ठेवली, "धरा जरा," म्हटलं, आणि उतरले.